सुषमाच्या फोटोतला हात

"दंड जरा आत घ्या," पाटकर हलक्या आवाजात म्हणाले. "दोन्ही बाजूंनी. आणि हनुवटीखालचंही थोडं."

मी कॅमेऱ्यामागे होतो. समोर स्टुलावर त्यांची थोरली मुलगी मंगल बसली होती. दोन्ही दिवे लागलेले, मागे पांढरा पडदा. स्टुडिओची खोली इतकी लहान होती की तिथे हलक्या आवाजात बोललेलंही सगळ्यांना ऐकू जायचं.

"बाबा, आपण शिंप्याकडे नाही आलो," मंगल म्हणाली.

दारात तिची धाकटी बहीण सुषमा उभी होती. मंगलची दुसरी साडी तिच्या हातातल्या पिशवीत होती. ती हसली, पण वडिलांकडे बघून तिने हसू आवरलं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. स्टेशनजवळच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. त्याआधी मी मुंबईत एका दैनिकाच्या डार्करूममध्ये नोकरी केली. बायको डहाणूची. सासऱ्यांचा गाळा रिकामा होता, म्हणून इथे आलो. पाटकर रेल्वेत गुड्स क्लार्क होते, म्हणजे मालगाडीच्या मालाचं बुकिंग बघणारे. राहायला रेल्वे क्वार्टर्समध्ये. मंगल चोवीस-पंचवीस वर्षांची, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षिका. सुषमा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

फोटो स्थळासाठी होता. त्या काळी मुलगी बघायला येण्याआधी तिचा फोटो जायचा. मुलाकडचे तो चार घरांत फिरवून बघत. पसंत पडला तर निरोप यायचा, नाही तर काही दिवसांनी फोटो परत यायचा. माझ्या धंद्यातला बराच भाग असल्या फोटोंचा होता. त्यामुळे पाटकर काय मागत होते ते मला नीट समजलं.

वाचकांसाठी सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. पांढरा पडदा काळा, काळे केस पारदर्शक. निगेटिव्हवर जिथे रंग लावाल तिथून उजेड जात नाही आणि कागदावर ती जागा पांढरी उमटते. त्यासाठी लाल रंगाची बाटली मिळायची. तिला ओपेक म्हणत. बारीक ब्रशने दंडाच्या कडेवर ओपेकची पट्टी ओढली की तेवढा दंड पांढऱ्या पडद्यात जिरून जातो. कंबरेचंही तसंच. या कामाला रिटचिंग म्हणतात. हात स्थिर असला तर फार वेळ लागत नाही.

पेपरच्या डार्करूममध्ये आम्हाला एक शिस्त होती. फोटो कापायला हरकत नाही, उजळ किंवा गडद करायलाही नाही. पण फोटोत असलेलं काढायचं नाही आणि नसलेलं घालायचं नाही. ती सवय माझ्याबरोबर डहाणूला आली. माझ्याकडे ओपेकची बाटली होती. ती मी निगेटिव्हवर धुळीने पडलेले ठिपके बुजवायला वापरायचो.

"मी फक्त ठिपके काढतो," मी पाटकरांना म्हणालो.

"मग हाही ठिपकाच समजा."

"आख्खा दंड?" मंगल स्टुलावरून म्हणाली. "फार मोठा ठिपका झाला."

"तू गप्प बस. भाऊ, तुम्ही आता पेपरात नाही. डहाणूत आहात. इथे सगळेच करतात."

"मुलगा प्रत्यक्ष बघायला येईल तेव्हा काय कराल?"

"तेव्हाचं तेव्हा. आधी दारात तर येऊ दे."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मंगलसाठी दोन ठिकाणांहून नकार आले होते, तेही तिला न बघता. मी मात्र नाही म्हणालो. मंगलने मान सरळ केली, हात मांडीवर मोकळे ठेवले आणि म्हणाली, "काका, काढा. आहे तशी." मी काढला. फोटो चांगला आला. रुंद खांदे, भरलेला चेहरा, डोळ्यांत थोडं हसू.

रोलमध्ये एक फ्रेम उरली होती. मी सुषमाला म्हणालो, "बस. तुझाही एक काढतो."

"नको काका. मी फोटोत जाडी येते."

"आणि एरवी कुठे सडपातळ आहेस?" मंगल म्हणाली.

"एरवीचं लोक विसरतात. फोटो राहतो."

ती पिशवी घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. सुषमा लठ्ठ नव्हती. अंगाने बहिणीच्या वळणावर होती, एवढंच. उरलेल्या फ्रेमवर मी नंतर कोणाचा तरी पासपोर्ट फोटो काढला.

मंगलचा फोटो एका स्थळाकडून परत आला. मग पाटकर तिला वापीला घेऊन गेले. डहाणूहून वापी गाडीने जवळ. तिथल्या एका स्टुडिओत त्यांनी हवा तसा फोटो करून घेतला. तो मी पुढे पाहिला. काम सफाईदार होतं. दंड निम्मे झाले होते, जबड्याची रेघ नव्याने आली होती, कंबर आत गेली होती. डोळे तेवढे मंगलचे होते.

हा फोटो बोईसरला गेला. मुलगा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. निरोप आला, फोटो पसंत आहे, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेत भेटू.

महालक्ष्मीची ही विवळवेढ्याची यात्रा आमच्या भागातली सगळ्यात मोठी. तिथे मुलगी दाखवण्याची एक सोयीची पद्धत होती. दोन्ही घरं दर्शनाला येतात, दुकानांच्या गर्दीत 'सहज' भेट होते. जमलं तर पुढची बोलणी. नाही जमलं तर कोणी कोणाला नाकारलं असं होत नाही, कारण सगळे देवीलाच आलेले असतात.

यात्रेला काही महिने होते. त्या काळात पाटकरांच्या घरात जे झालं ते मला मंगलने सांगितलं. ती शाळेच्या कामासाठी पासपोर्ट फोटो काढायला आली होती. मी दिवे लावले, लेन्समधून बघितलं आणि पुन्हा वर बघितलं. गालांची हाडं दिसत होती. ओठ सुकलेले. मांडीवर ठेवलेले हात थरथरत होते. निगेटिव्ह हलणार म्हणून मी कॅमेऱ्याचा वेग वाढवला.

"आजारी होतीस?"

"नाही. फोटोएवढी होतेय."

वापीचा फोटो तिच्या आईने कपाटाच्या आरशाच्या कोपऱ्यात खोचला होता. मुलाकडच्यांना फोटोतली मुलगी पसंत होती. आता घरातल्या मुलीला फोटोएवढं करायचं होतं. भात बंद. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी, रात्री मुगाचं पाणी. दर रविवारी आरशासमोर उभं राहायचं आणि आईने एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे बघायचं. पाटकर वहिनी दुष्ट बाई नव्हत्या. पोरीला जेवायला वाढताना त्यांचे डोळे भरायचे, असं मंगलच म्हणाली. तरीही त्या काकडीच वाढत होत्या.

वजन अपेक्षेइतकं उतरेना. मग कोणीतरी बाहेरगावच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. त्याने दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. एका गोळीने लघवी खूप व्हायची. दुसरीने छाती धडधडायची आणि झोप उडायची. काटा मात्र आठवड्याभरात खाली आला. घरात आनंद झाला.

"आणि तू घेतेस त्या?" मी विचारलं.

"घेत होते. परवापर्यंत."

परवा ती शाळेच्या वाटेवर खाली बसली होती. एसटी हायवेला सोडते, तिथून पाड्यापर्यंत तासभर चाल आहे. अर्ध्या वाटेत डोळ्यांसमोर अंधारी आली. पाड्यावरच्या दोन बाया लाकडं घेऊन चालल्या होत्या. त्यांनी तिला धरून आपल्या घरी नेलं आणि तांदळाची पेज दिली.

"त्यातली म्हातारी मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाय, तुमचे घरा भात नाय का? मी काय सांगणार? आमच्या घरी भाताचं पोतं आहे काका. वाणगावहून येतं."

मग म्हणाली, "आमच्या शाळेच्या व्हरांड्यातच अंगणवाडी भरते. तिथे पोरांना झोळीत घालून काट्याला टांगतात. पोर थोडं जरी भरलं तरी ताई मला हाक मारून दाखवते. आणि मी तिच्या शेजारी उभी राहून मोजते, आज माझं किती उतरलं. मला त्या दिवशी स्वतःची शिसारी आली."

"मग आता?"

"आता जेवते. घरी बोलणं बंद आहे. गोळ्या आईने चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्यात. म्हणते, सुबुद्धी आली की घे."

मी फोटो काढला. थरथर निगेटिव्हवर आली नाही.

यात्रेत मी दर वर्षी स्टॉल लावायचो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर समुद्र, होडी आणि चंद्र. समोर बाक. लोक दर्शन करून, मुलांना फुगे घेऊन फोटोला यायचे. दुसऱ्या दिवशी प्रिंट मिळायच्या. त्या वर्षी पाटकर कुटुंब आलं ते ऐन उन्हात, आणि बोईसरची मंडळी माझ्या स्टॉलच्या सावलीतच थांबली होती. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मी कोणाचा तरी फोटो काढत होतो. सगळं माझ्यापासून दोन हातांवर झालं.

मंगल पुन्हा भरली होती. पूर्वीइतकी नाही, पण भरली होती. मुलाच्या आईने नमस्कार घेतला. मग पर्समधून फोटो काढला. फोटोकडे बघितलं, मंगलकडे बघितलं.

"हीच ती?"

"फोटो जरा जुना आहे," पाटकर म्हणाले.

"जुना नाही," मंगल म्हणाली. "अलीकडचाच आहे. वापीला बारीक करून आणलाय. मी ही अशी."

मामा खोकले. मुलगा बुटांकडे बघत होता.

"म्हणजे फसवलंच म्हणायचं आम्हाला," मुलाची आई म्हणाली.

"हो. तुम्ही उन्हाचे बोईसरहून आलात. आमच्या घरातर्फे मी माफी मागते."

"मंगल," वहिनी म्हणाल्या.

मुलाची आई संतापेल असं मला वाटलं होतं. ती संतापली नाही. शांतपणे म्हणाली, "मुलगी बोलायला स्पष्ट आहे. नोकरी आहे. आमचं अगदी नाही असं नाही. चार-सहा महिने मनावर घेऊ दे तिला. वजन उतरलं की पुढचं ठरवू."

पाटकरांचा चेहरा उजळला. मी तो बघितला. कित्येक महिन्यांत त्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी दार किलकिलं करून दिलं होतं.

"चार-सहा महिने थांबू नका," मंगल म्हणाली. "मी अशीच राहणार आहे. मला रोज पाड्यावर चालत जावं लागतं. वर्गात दिवसभर बोलावं लागतं. त्यासाठी जेवावं लागतं. आत्ता जशी आहे तशी चालत असेल तर बोला."

"आई, चल," मुलगा म्हणाला. सगळ्या भेटीत तो तेवढंच बोलला.

निघताना त्याची आई वहिनींजवळ थांबली. सुषमा आईच्या मागे होती, हातात प्रसादाचा नारळ. बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आपलेपणाने म्हणाल्या, "धाकटीही त्याच वाटेवर आहे. हिच्याकडे आतापासून लक्ष द्या."

त्या वाक्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे मंगलकडे बघत होते.

मंडळी गर्दीत दिसेनाशी झाल्यावर पाटकर बाकावर बसले. म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

"झालं. आता आलोच आहोत तर फोटो काढू. काका, चौघांचा एक काढा."

"आता फोटो?" वहिनी म्हणाल्या.

"आता नाही तर कधी? देवीला आलोय ना आपण?"

रांगेत माणसं ताटकळत होती. पाटकर आणि वहिनी बाकावर बसले, मंगल त्यांच्यामागे उभी राहिली. सुषमा मंगलच्या मागे.

"सुषमा, बाजूला ये. दिसत नाहीस," मी म्हणालो.

"इथेच बरी आहे काका."

"अर्धी झाकली जातेस."

"म्हणूनच."

मंगलने मागे हात टाकून तिला खांद्याशी धरून ओढलं. सुषमाचा चेहरा मंगलच्या दंडाच्या वर आला. तेवढ्यात मंगल काहीतरी पुटपुटली आणि सुषमा हसली. मी बटण दाबलं. मागचे लोक पुढे सरकले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मंगलने तलासरीत खोली घेतली. कारण रोजचा प्रवास, असं सांगितलं गेलं. ती सणावारी घरी यायची.

त्या पावसाळ्यात सुषमा बारीक होऊ लागली. क्वार्टर्समधल्या बायकांनी आधी विचारलं, मग वाखाणलं. माझ्या बायकोनेही एकदा बाजारातून येऊन सांगितलं, "पाटकरांची धाकटी काय छान झालीय. ओळखलंच नाही मी." गणपतीत ती आरतीचं ताट घेऊन आली तेव्हा तिचा ड्रेस खांद्यांवरून घसरत होता. मी म्हणालो, आता तरी फोटो काढू. ती म्हणाली, अजून थोडं राहिलंय काका, मग काढू.

दिवाळीत मंगल घरी आली. वहिनी तिला म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला जमतं. कोणी सांगायलासुद्धा लागलं नाही." मंगलने सुषमाला एकटीला गाठून विचारलं, त्या गोळ्या घेतेस का? सुषमा म्हणाली, "नाही गं. संध्याकाळचं जेवत नाही, एवढंच." मंगलने चहाचा डबा उघडून बघितला. पाकिटं पूर्वीएवढीच होती. तिची शंका गेली. रिकाम्या झालेल्या पाकिटांच्या जागी नवी येत होती, हे तिला तेव्हा समजायला मार्ग नव्हता. जुनं पाकीट औषधाच्या दुकानात दाखवलं की नवं मिळायचं. कोणी काही विचारत नसे.

थंडी संपता संपता एका सकाळी सुषमा पाणी भरताना नळाजवळ पडली. शेजाऱ्यांनी आधी कांदा हुंगवला. मग रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि विचारलं, ही काय घेत होती? वहिनी म्हणाल्या, काही नाही, उपास करते. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. तीनदा तेच उत्तर मिळालं. वहिनींना खरोखर माहीत नव्हतं. दुपारी सुषमा गेली.

तलासरीला निरोप गेला. मंगल संध्याकाळी पोचली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चहाचा डबा घेऊन बाहेर आली.

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. लघवीची गोळी ही सूज आणि रक्तदाबाच्या आजारासाठी असते. तिने चरबी जात नाही, पाणी जातं. काटा खाली येतो तो पाण्यामुळे. त्या पाण्याबरोबर अंगातले क्षार जातात. हृदयाचे ठोके त्या क्षारांवर चालतात. त्यात पोटात अन्न नाही, आणि वरून छाती धडधडवणारी दुसरी गोळी. असं हृदय एखाद्या सकाळी ठोका चुकतं आणि पुन्हा तालावर येत नाही. "आधी नाव कळलं असतं तर प्रयत्न करता आला असता," ते म्हणाले. "वाचली असतीच असं नाही."

गोळ्या देणाऱ्यावर तक्रार झाली नाही. मंगल करणार होती. पाटकरांनी करू दिली नाही. मुलगी बारीक होण्यासाठी गोळ्या खात होती हे बाहेर कळू नये, असं त्यांना वाटत होतं. लोकांना सांगितलं गेलं, हृदय जन्मापासून कमजोर होतं.

तेराव्याला फोटो लागतो. पाटावर मांडायला, हार घालायला, मग भिंतीवर लावायला. पाटकर माझ्याकडे आले. बरोबर मंगल होती.

"तिचा एक चांगला बघून मोठा करून द्या," पाटकर म्हणाले.

"तुमच्याकडे कुठला आहे?"

"आमच्याकडे नाही. तुमच्याकडे असेल. तुम्ही सगळीकडे फोटो काढता."

मी निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत घालून बिस्किटांच्या डब्यांत ठेवत असे. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, कॉलेजची संमेलनं, क्वार्टर्सचा गणपती. आम्ही तिघं खाली बसलो. मी एकेक पट्टी दिव्यासमोर धरायचो, मंगल बघायची. सुषमा बऱ्याच ठिकाणी होती. शाळेच्या ग्रुपमध्ये शेवटच्या रांगेत, फक्त कपाळ आणि भांग. शेजारच्या लग्नात एका बाईच्या पदरामागे एक डोळा. संमेलनात कोणाच्या तरी खांद्याआड वेणी. एका ठिकाणी तिने फ्लॅश उडताना समोर ताट धरलं होतं. वीस वर्षांची मुलगी, आणि पूर्ण चेहरा कुठेच नाही. मला इतकी वर्षं एकाच गावात राहून हे लक्षात आलं नव्हतं. फोटोत नसलेलं माणूस फोटोग्राफरच्या लक्षात येत नाही.

शेवटी यात्रेची पट्टी निघाली. होडी, चंद्र, बाकावर पाटकर आणि वहिनी, मागे मंगल. मंगलच्या दंडावर टेकल्यासारखा सुषमाचा चेहरा. पूर्ण चेहरा, आणि हसणारा.

मी तेवढा भाग मोठा करून कच्ची प्रिंट काढली. ओली प्रिंट घेऊन बाहेर आलो. पाटकरांनी ती दोन्ही हातांनी धरली. मग चेहऱ्याखालच्या भागावर बोट ठेवलं. सुषमाचा एक खांदा आणि गळ्याखालचं सगळं मंगलच्या दंडाने झाकलेलं होतं. फोटोचा खालचा तिसरा हिस्सा म्हणजे तो दंड होता.

"हा हात काढून द्या," पाटकर म्हणाले.

मी प्रिंटकडे पुन्हा बघितलं.

"त्या वेळी नाही म्हणालात. तुमचं बरोबर होतं. आज नाही म्हणू नका, भाऊ. एकटीचा फोटो पाहिजे. हार घालायचाय."

काम करता येण्यासारखं होतं. ओपेकने दंड पुसायचा, मुंबईच्या ओळखीच्या फिनिशिंग आर्टिस्टकडून खांदा आणि ओढणी रंगवून घ्यायची. लोक असे फोटो लावतात, कोणाला कळतही नाही. पेपरची शिस्त बातमीसाठी असते. मी उठून फळीवरून ओपेकची बाटली काढली. तिचं झाकण वाळून घट्ट बसलं होतं. मी ते कापडात धरून पिळू लागलो.

"काका, राहू द्या," मंगल म्हणाली.

"मंगल, मध्ये बोलू नकोस," पाटकर म्हणाले.

"बाबा, तिला मी ओढून पुढे आणली म्हणून एवढी तरी दिसतेय. हात काढलात तर ती कशाला टेकलीय ते कळणार नाही."

"लोक विचारतील, हा कोणाचा हात."

"विचारू देत. मी तिथेच असेन. सांगेन."

पाटकर प्रिंटकडे बघत होते. प्रिंटच्या कोपऱ्यातून पाणी त्यांच्या पँटवर गळत होतं. त्यांनी मंगलच्या दंडाकडे बघितलं, खऱ्या दंडाकडे. मग प्रिंट माझ्या हातात दिली.

"तसाच करा," ते म्हणाले.

मी तसाच केला. ठिपके तेवढे काढले.

तेराव्याला मी गेलो. पाटावर फोटो होता. हार घातल्यावर खालचा भाग फुलांनी झाकला जात होता. वहिनींनी उठून हार वर सरकवला, तर चेहरा झाकला जाऊ लागला. त्यांनी दोनदा वर-खाली केलं. शेवटी हार काढून फ्रेमच्या पायाशी ठेवला. कोणीही हात कोणाचा असं विचारलं नाही. दोन-तीन बायकांनी मात्र हळू आवाजात म्हटलं, "शेवटी शेवटी किती छान झाली होती." मंगल तांब्या घेऊन त्यांच्या शेजारून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "शेवटी ती मरत होती, मावशी. छान ती या फोटोत आहे." वहिनींनी मंगलला आत बोलावलं नाही.

पाटकर पुढे निवृत्त होऊन गावी गेले. वहिनी त्यांच्याबरोबर. फोटो मंगलने आपल्याकडे ठेवला. तलासरीच्या खोलीत तो अजून असेल. तिला बढती मिळाली, ती मुख्याध्यापिका झाली. लग्नाचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. नव्वदच्या दशकात मी तिच्या शाळेचा वार्षिक ग्रुप फोटो काढायला जात असे. ती स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभी राहायची आणि मागच्या रांगेतल्या मुलींना नावाने हाक मारून बाजूला सरकवायची. त्यात वेळ जायचा. ऊन चढायचं, सावल्या नाकाखाली यायच्या, फोटो तांत्रिकदृष्ट्या बिघडायचा. मी तक्रार केली नाही.

ओपेकची ती बाटली मी पुढेही ठिपक्यांपुरतीच उघडली. रंगीत फोटो आल्यावर तिचं काम संपलं. हल्ली कंबर आणि दंड आत घेणं यंत्रावर होतं आणि गिऱ्हाईक शेजारी बसून सांगतं, अजून थोडं. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. ग्रुप फोटोत कोणी मागे दडत असेल तर बटण दाबू नका. त्याला पुढे बोलवा, नाही आला तर थांबा. रांग खोळंबली तर खोळंबू द्या. त्या माणसाचा पुढे तेवढाच फोटो असू शकतो.